अनघाची वांगी, हरेशचा वारा

हे मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. अलीकडे थोडं थोडं सांगितलं, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना — पण तिथेही एक भाग मी गिळलाच. नवऱ्याला वाटतं, माझं आणि अनघाचं कशावरून तरी भांडण झालंय. मिटेल, असं तो म्हणतो आणि पेपर उघडतो. मी काय बोलणार? की भांडण झालेलंच नाही, आणि झालं असतं तर बरं झालं असतं?

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते. ओळखीचं माणूस समोर असलं की माझी जीभ आपोआप स्वतःची बाजू मांडायला लागते. तुमच्यासमोर तसं होणार नाही, अशी आशा आहे. झालंच तर ओळखा.

आधी त्या दोघांविषयी सांगते. त्यांच्याविषयी बोलायला मला नेहमीच आवडत आलंय. आत्ता, हे असलं सांगतानासुद्धा आवडतंय — कसं आहे बघा.

अनघा नौपाड्यातल्या एका डॉक्टरांची मुलगी. खाली दवाखाना, वर घर. बारावीला मार्क इतके की कुठेही गेली असती, पण तिने हट्टाने शेती घेतली. का, तर गच्चीवरच्या कुंडीत तिने वांग्याच्या रोपावर टोमॅटोचं कलम बांधून बघितलेलं आणि ते जगलेलं! मी ठाकुर्लीची. चाळीत दोन खोल्या, बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. माझं मेडिकल थोडक्यात हुकलं आणि कृषी विद्यापीठात नंबर लागला. शेजारच्या काकूंना कळेचना, मुलगी एवढ्या लांब शेती शिकायला कशाला चालली. बाबांनी मात्र विहारात सगळ्यांना पेढे दिले. "आमची प्रज्ञा शास्त्रज्ञ होणार," ते सांगत सुटलेले. मी शेत पाहिलेलं ते फक्त खिडकीतून, गाडी जाताना.

आणि हरेश. शीळफाट्याच्या अलीकडच्या एका गावातला, आगरी घरातला. भातशेती, थोडा भाजीपाला, दारात म्हशी. उंच, हडकुळा, हसला की आधी मान खाली जायची. आम्ही दोघी कुदळ कशी धरायची ते शिकत होतो, तोवर त्याचे वाफे ओढून झालेले असायचे. मग तो आमच्या वाफ्यांवर यायचा आणि काही न बोलता कडा सरळ करून द्यायचा. शेतात तो पुढे असणं मला चाललं असतं. पण तो लेखी परीक्षेतही पहिला यायचा. मी दुसरी. प्रत्येक वेळी दुसरी — हे लक्षात ठेवा, मी मुद्दाम सांगतेय.

आमचं विद्यापीठ कोकणात, डोंगराच्या उतारावर पसरलेलं. लाल माती, काजूची बाग, खाली नारळ, आणि दुपार कलली की समुद्राकडून येणारा वारा. ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीच्या कॉटवर झोपले ती तिथल्या हॉस्टेलमध्ये. पहिल्यांदा भेंडी झाडावरून तोडून कच्ची खाल्ली ती सरांनी दिली म्हणून. सर म्हणजे आम्हाला पीक पैदास शिकवायचे ते. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात कायम भिंग. कुठल्याही पानाजवळ थांबायचे, भिंग लावायचे आणि आम्हाला म्हणायचे, "आधी बघा. बोलायची घाई नको." त्यांनी एखाद्याला "बरं केलंस" म्हटलं की आठवडाभर तो माणूस जमिनीवर नसायचा. हरेशला ते बऱ्याचदा म्हणायचे. पुढे एमएस्सीला त्याला ते स्वतःच्या हाताखाली घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रयोग करायचा होता. अनघाने वांगी घेतली. कोकणात वांग्याचं उभं झाड एकाएकी मान टाकतं, मर म्हणतात त्याला. तर न मरणारं एक रानटी जातीचं वांगं आणि चवीचं गावठी वांगं यांचा संकर करायचा, असा तिचा बेत. कळी उमलायच्या आधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे आणि वर कागदाची छोटी पिशवी बांधायची. ती पहाटे उठून हे करायची. लांबून तिचा वाफा बघितला तर झाडांना पांढरी फुलं आल्यासारखी वाटायची, इतक्या पिशव्या. शेजारचा तुकडा हरेशच्या मक्याचा.

असं सगळं छान चाललेलं असताना अनघाच्या बाबांचं ऑपरेशन ठरलं आणि तिला ठाण्याला जावं लागलं. जाताना तिने वाफा माझ्या हवाली केला. "पाणी दे, आणि पानांवर माव्याची कीड दिसतेय तर एकदा निंबोळी अर्क फवार. बाकी काही नको करूस," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत काळजी होती ती बाबांची, वांग्यांची नव्हती. वांगी माझ्याकडे होती ना!

आता येते मी त्याच्यावर. येते — थोडं थांबा.

स्टोअरमध्ये पाठीवर घ्यायचे पंप होते. त्यातला एक फक्त तणनाशकाचा. त्याच्यावर लाल रंगाचा पट्टा मारलेला, आणि पहिल्या वर्षापासून सरांनी आमच्या डोक्यात बसवलेलं की हा पंप दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. धुऊनसुद्धा नाही. रुंद पानांच्या तणाला मारणारं औषध, त्याचा थेंबभर अंश राहिला तरी वांगं, टोमॅटो, कापूस — सगळ्यांची वाट लागते. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं.

त्या दिवशी बाकीचे पंप शेतांवर गेलेले. दुपारी गॅदरिंगच्या नाटकाची तालीम होती, त्यात मला बऱ्यापैकी मोठं काम होतं आणि उशीर झालेला चालणार नव्हता. थोडं थांबले असते तर दुसरा पंप मिळाला असता. दुसऱ्या दिवशी फवारलं असतं तरी मावा काही पळून जात नव्हता. मी लाल पट्ट्याचा पंप घेतला, नळाखाली एकदा विसळला, त्यात निंबोळी अर्क भरला आणि अनघाच्या सगळ्या वांग्यांवर फवारला. मग पंप जागेवर ठेवला आणि तालमीला गेले. तालीम छान झाली, हेही आठवतं मला.

एक-दोन दिवसांतच झाडं वाकली. शेंडे वेलासारखे पिळवटले, नवी पानं आली ती बोटांसारखी अरुंद आणि चुरगळलेली. खोडांना भेगा. आणि सगळीकडे त्या कागदी पिशव्या लोंबत होत्या. मला बघताक्षणी कळलं. दुसरं काही असू शकेल का, असं मी दिवसभर स्वतःला विचारत राहिले — पण उत्तर माहीत असताना विचारत होते.

अनघा परत आली ती स्टँडवरून थेट शेतात. बॅग खांद्यावर तशीच. ती रडली नाही. एकेका झाडाजवळ बसून पिशवी सोडायची, आत बघायची, परत बांधायची. परत कशाला बांधत होती, कुणास ठाऊक.

सर आले. भिंग लावलं. उठले ते माझ्याकडे वळून. आम्ही सगळे उभे होतो — वर्गातले बरेच जण, हरेशही.

"फवारणी कुणी केली?"

"मी, सर."

"पंप कुठला?"

आणि मी म्हटलं, "साधा, सर. निळा. धुऊन घेतलेला."

इतकं सोपं होतं ते. माझा आवाजसुद्धा हलला नाही. अनघाने लगेच मान डोलावली, म्हणाली, "सर, प्रज्ञा अशा बाबतीत फार काटेकोर आहे." मी तिच्याकडे बघितलं नाही.

सरांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "शेजारी तणनाशक कुणी मारलं?"

हरेश पुढे झाला. त्याने तीन-चार दिवसांपूर्वी मक्यात मारलेलं. योग्य पंपाने, योग्य मात्रेत, जसं मारायला हवं तसं.

"वारा होता?"

दुसरा कुणीही 'नाही' म्हणाला असता. कोण मोजायला बसलेलं? पण हरेश घाबरला की त्याची घरची बोली वर यायची. तो म्हणाला, "व्हता थोरा, सर. माझ्यामुलंच झालं असंल."

सर त्याच्यावर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. फक्त म्हणाले, "तुला स्वतःचं रान दिसतं, शेजाऱ्याचं दिसत नाही. अशा माणसाच्या हातात मी प्रयोग देत नाही." आणि निघून गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ म्हणता आलं असतं की भीतीने तोंडातून गेलं. पण संध्याकाळी सरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक वाकडा शेंडा ठेवलेला. म्हणाले, "प्रज्ञा, वाऱ्याने आलेलं औषध कडेच्या ओळींवर जास्त दिसतं. इथे सगळ्या ओळी सारख्या आहेत. तुला अजून काही सांगायचंय?" किती हळू विचारलं त्यांनी! दार उघडं ठेवून दिल्यासारखं. त्या क्षणी सांगितलं असतं तर ते रागावले असते, आणि नंतर मला त्यांनी माफही केलं असतं. मला माहीत होतं ते. मी म्हटलं, "नाही, सर."

का?

आणि इथे तो भाग येतो, जो मी हरेशला सांगितला नाही, अनघाला नाही, कुणालाच नाही. शेतात सर हरेशला बोलत होते तेव्हा मला सुटल्यासारखं तर वाटलंच — पण त्याच्याखाली अजून काहीतरी होतं. मला बरं वाटत होतं. पहिला येणारा मुलगा मान खाली घालून उभा होता, आणि आता सरांच्या हाताखालची ती जागा मोकळी झाली, हा विचार माझ्या मनात तिथेच, त्या वाफ्यात उभी असताना येऊन गेला. नंतर नव्हे. तिथेच. केबिनमध्ये मी 'नाही' म्हटलं, ते त्या जागेसाठी म्हटलं.

ती जागा मला मिळाली. मी सरांच्याच हाताखाली एमएस्सी केलं, ठाण्यात सरकारी नोकरीला लागले. विहारात परत पेढे वाटले गेले.

आणि हरेशचं काय झालं? तो त्या दिवसानंतर अनघासमोर जाईना. मग एका रविवारी गावाला जाऊन आला तो आईने राखलेल्या गावठी वांग्यांची रोपं घेऊन. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, रात्रभर मांडीवर धरून आणलेली. स्वतःचा मका उपटून त्याने ती जागा अनघाला दिली. ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. तो पाणी द्यायचा, माती भुसभुशीत करायचा, आणि ती आली की बांधावर जाऊन उभा राहायचा. मग एके दिवशी ती चिमटा त्याच्या हातात देऊन म्हणाली, "उभा काय राहतोस? ही ओळ तू कर." मी तिथेच होते. दोघं एकाच झाडावर वाकलेली.

तुम्हाला कळलंच असेल पुढे काय झालं. होय, लग्न. आणि ते लग्न मी जुळवून आणलं! नौपाड्यात केवढा गोंधळ झालेला. डॉक्टर काकांना जावई चालत नव्हता — आगरी, गावात राहणारा, एमएस्सी न केलेला. अनघाने मला बोलावलं. मी काकांसमोर बसले, चहा घेतला आणि म्हटलं, "काका, मी चार वर्षं बघितलंय त्याला. त्याच्या हातून चूक झाली तेव्हा कुणी बोट दाखवायच्या आधी तो स्वतः पुढे आला. असा माणूस कुठे मिळेल?" काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर..." मी घरी येताना रिक्षात हसत होते, आनंदाने. आपण किती चांगलं काम केलं! लोक म्हणतात खोटं बोलणारा माणूस आतून कुरतडला जात असतो. मला तर वर्षानुवर्षं काही झालं नाही. मी छान झोपायचे.

दोघांचा संसार डोंबिवलीत. अनघा ज्युनिअर कॉलेजमध्ये शिकवते. हरेशची नर्सरी आहे त्याच्या गावच्या राहिलेल्या जमिनीवर, आता आजूबाजूला सगळे टॉवर. शेवंती, आंब्याची कलमं, बाल्कनीवाल्यांसाठी कढीपत्ता. त्यांच्या घरी माझ्यासाठी वेगळी चप्पल असते. त्यांची ओवी झाली तेव्हा हॉस्पिटलमध्ये अनघाच्या आईच्या पाठोपाठ तिला घेतलं ते मी.

त्या घरात एक विनोद होता. अनघा कुणालाही सांगायची, "ह्याने माझी वांगी जाळली, म्हणून ह्याला जन्मभर वांग्याचीच भाजी!" सगळे हसायचे. हरेश सगळ्यात जास्त. मीही. दुसरी एक गोष्ट मात्र विनोद म्हणून सुरू झाली आणि हळूहळू वेगळी झाली. हरेश काही ठरवायला लागला की अनघा म्हणायची, "वारा बघितलास का आधी?" दूध उतू गेलं — वारा बघितलास का? गाडी चुकीच्या गल्लीत नेली — वारा बघितलास का? एकदा त्याला आणखी एका मोठ्या जागेवर रोपवाटिका काढायची होती, ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळेसकट. विद्यापीठात शिकलेलं सगळं त्यात वापरता आलं असतं. तो इतका उत्साहाने बोलत होता, अनघाने नेहमीसारखं ते वाक्य म्हटलं, आणि तो बोलायचा थांबला. परत त्याने तो विषय काढला नाही. अनघाला ते जाणवलंही नसेल. मला जाणवलं. मी भात वाढून घेतला.

यंदा ओवीला त्याच कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला. अनघाने जेवायला बोलावलं. ओवी खूश, हरेश तिच्याहून खूश. जेवताना तो तिला समजावत होता — माती कशी आहे, मेसमध्ये काय खायचं, कुठल्या विहिरीजवळ साप असतात. मग म्हणाला, "आणि एक ऐक. चूक झाली ना, तर लगेच सांगायची. मी सांगितली, म्हणून तुझ्या आजोबांनी मला पोरगी दिली. विचार मावशीला. हिनेच त्यांना पटवलं."

ओवीने माझ्याकडे बघितलं. केवढ्या प्रेमाने! "हो मावशी?"

मी "हो" म्हटलं.

तेव्हा पहिल्यांदा मी हातातला घास परत ताटात ठेवला. आता कुणी मोठा माणूस फसत नव्हता. अठरा वर्षांच्या मुलीला तिचा बाप स्वतःची नसलेली चूक शिदोरी म्हणून देत होता, आणि साक्षीला मी.

काही दिवसांनी मी नर्सरीत गेले. हरेश मोगऱ्याच्या कुंड्या बदलत होता. मला बघून म्हणाला, "अगं, फोन तरी करायचास, नारळ काढून ठेवला असता." मी उभ्यानेच सांगितलं. लाल पट्ट्याचा पंप. तालीम. सरांना दिलेलं उत्तर. तो कुंडी हातात धरून ऐकत होता. मला वाटलेलं तो चिडेल, किंवा हसून सोडून देईल — दोन्हींची तयारी करून गेलेले मी. त्याने कुंडी खाली ठेवली, हात पँटला पुसले, परत पुसले. आणि विचारलं, "सरांना माहीत होतं?"

"नाही. म्हणजे, त्यांना शंका आलेली. मला विचारलेलं त्यांनी."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. हरेश त्यांच्या अंत्ययात्रेला गेलेला, सगळ्यात मागे उभा राहिलेला, हे मला अनघाने सांगितलेलं. तो खाली बघत म्हणाला, "सरांना सांगाला पायजे व्हतं गो तू." एवढंच. जागेचं नाही, एमएस्सीचं नाही, त्या न झालेल्या प्रयोगशाळेचंही नाही. मग एक गिऱ्हाईक आलं, तुळशीचं रोप मागायला, आणि तो त्याच्याशी नेहमीसारखा हसून बोलला. मी रिक्षा धरून निघाले.

अनघाला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. तिचा फोन आला. मी बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "थांब. मला वांग्यांचं काही वाटत नाही. वांगी परत लावली आपण." तिचा श्वास ऐकू येत होता. "पण मी त्याला इतकी वर्षं जे बोलले ना, प्रज्ञा — चारचौघांत, ओवीसमोर, माझ्या माहेरी — ते मी आता कसं परत घेऊ? तू समोर बसलेली असायचीस. तू हसायचीस."

खरंच हसायचे मी. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. करायला हिंमत लागते, आणि ती माझ्याकडे किती आहे हे तुम्ही बघितलंतच.

ओवीला सोडायला दोघं कोकणात गेली. मला ते कळलं ओवीच्या मेसेजवरून. तिने एक फोटो पाठवलेला — हॉस्टेलचं दार, मागे काजू. मग दुसरा. एका घराच्या पडवीत हरेश बसलाय आणि त्याच्या बाजूला एक वयस्कर बाई, पांढरे केस, हातात त्याचा हात. सरांच्या पत्नी. मी ओळखलं. खाली ओवीने लिहिलेलं: 'बाबा खूप रडले आज. आई पण. का ते कुणी सांगतच नाहीये. तुला माहितीये का मावशी?'

मी मेसेज लिहायला घेतला आणि खोडला. मग तिला फोन लावला. सांगितलं. पंप कुठला होता, मी सरांना काय म्हटलं, तिच्या आजोबांना काय म्हटलं, आणि त्या दिवशी जेवताना तिला 'हो' म्हटलं ते काय होतं. मागून मुलींचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी गमबूट शोधायला सांगत होतं.

माझं बोलून झाल्यावर मी थांबले.

"ठेवते," ओवी म्हणाली. "प्रॅक्टिकल आहे."